एक लिटर पेट्रोल आणि दोन सरकारें

राज्यघटनेचा विषय निघाला कीं घरांतील निम्मी मंडळी वर्तमानपत्राचें पान उलटतात. कलमें, याद्या, अनुसूची हे शब्द कानीं पडले म्हणजे हा वकिलांचा आणि पुढाऱ्यांचा प्रांत, आपला त्याच्याशीं काय संबंध, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत किती फोल आहे हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें आमच्या नागपुरांतील सदर भागांत एखाद्या पेट्रोल-पंपावर क्षणभर उभें राहावें. तेथें गाडींत एक लिटर पेट्रोल पडतें, तेव्हां गिऱ्हाइकाच्या खिशांतून निघालेल्या पैशाचे दोन वांटे दोन निरनिराळ्या सरकारांच्या तिजोऱ्यांकडे निघालेले असतात. एक वांटा उत्पादन-शुल्क म्हणून दिल्लीस जातो. दुसरा विक्रीवरील कर म्हणून मुंबईस जातो. एकाच वस्तूवर दोन धनी आपापला हक्क कसा सांगतात, आणि हा हक्क त्यांस कोणीं वांटून दिला, हा प्रश्न हिंदुस्थानच्या संघ-न्यायालयापुढें पहिल्या प्रथम उभा राहिला तो नागपुरांत झालेल्या एका कायद्यामुळें. ही गोष्ट खुद्द नागपुरांतही फारशी कोणास ठाऊक नसते. म्हणून ती येथें सविस्तर सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

नागपूरची पूर्वपीठिका

भोसल्यांच्या राजधानींत इंग्रजांचा रेसिडेंट असे. त्याची आठवण सदरमधील रेसिडेन्सी रोड या नांवांत अजून टिकून आहे. सन १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसीनें तें राज्य खालसा केलें. पुढें १८६१ मध्यें ‘मध्यप्रांत’ निर्माण झाला व नागपूर त्याची राजधानी ठरलें. निजामाकडून १८५३ मध्येंच इंग्रजांच्या ताब्यांत आलेला वऱ्हाड १९०३ मध्यें या प्रांताच्या कारभारास जोडण्यांत आला. सदरच्या शेजारीं सिव्हिल लाइन्समध्यें सचिवालय आणि विधिमंडळ उभें राहिलें, व १९३६ मध्यें नागपूरला स्वतंत्र हायकोर्टही मिळालें. सारांश, कायदे करणारे, कायदे राबविणारे आणि कायद्यांचा अर्थ लावणारे असे तिघेही या परिसरांत एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर नांदत होते.

सन १९३५ चा कायदा विलायतच्या पार्लमेंटानें मंजूर केला तेव्हां राज्यकारभाराचे विषय तीन याद्यांत वांटले गेले. मध्यवर्ती सरकारच्या यादींत ५९, प्रांतांच्या यादींत ५४ आणि दोघांच्या सामाईक यादींत ३६ विषय होते. लष्कर, परराष्ट्रव्यवहार, रेल्वे, टपाल हे विषय मध्यवर्ती सरकारकडे. पोलीस, शिक्षण, आरोग्य, शेती, जमीन हे प्रांतांकडे. फौजदारी कायदा, विवाह, वारसा यांसारखे विषय दोघांकडे. ता. १ एप्रिल १९३७ पासून प्रांतांत ही स्वायत्तता सुरू झाली. संस्थानिक सामील न झाल्यामुळें मध्यवर्ती संघराज्य मात्र कधींच अस्तित्वांत आलें नाहीं. तथापि त्यासाठीं योजिलेलें संघ-न्यायालय १९३७ च्या अखेरीस दिल्लीस सुरू झालें.

येथें आमच्या वाचकांना एकत्र कुटुंबाचा दाखला सहज आठवेल. मोठ्या घरांत कर्ता असतो. शेतीवाडीचे व्यवहार, सरकारदरबार, सोयरिकी तो पाहतो. धान्याची कोठी आणि स्वयंपाकघर यांवर सासूबाईंची सत्ता असते. मुलांच्या शाळा, औषधपाणी हें ज्याचें त्यानें पाहावयाचें असतें. परंतु या दाखल्यांत एक मोठा भेद आहे, तो ध्यानांत ठेवावा. घरांतील अधिकार रूढीनें व स्नेहानें चालतात. कर्त्यानें मनांत आणलें तर तो कोठीची किल्ली मागून घेऊं शकतो. संघराज्यांत तसें नाहीं. तेथें वांटणीपत्र लेखी असतें, तें कर्त्यानें दिलेलें नसतें, कर्ता आणि धाकटे या सर्वांवर तें सारखेंच बंधनकारक असतें, आणि त्याचा अर्थ लावण्यास एक तिऱ्हाईत बसविलेला असतो.

पांच टक्क्यांचा कायदा

प्रांतांच्या वांट्यास कर्तव्यें पुष्कळ आलीं. उत्पन्नाचीं साधनें मात्र जुनींच राहिलीं. शेतसारा आणि दारूवरील अबकारी हे त्यांतील मुख्य. शेतसारा वाढवावा तर कुणबी मरतो. आणि दारूबंदीचें धोरण पत्करलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळास अबकारीचें उत्पन्न स्वतःच्याच हातानें कमी करावयाचें होतें. शाळा काढा, दवाखाने काढा, रस्ते करा, अशी लोकांची मागणी तर वाढत होती. अशा पेचांत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळानें १९३८ चा १४ वा कायदा केला. मोटारीचें पेट्रोल आणि वंगणाचें तेल यांच्या किरकोळ विक्रीवर, विक्रीच्या किंमतीच्या ५ टक्के कर विक्रेत्याकडून घ्यावा, एवढाच त्याचा आशय. हिंदुस्थानांत विक्रीकर म्हणून ज्यास म्हणतां येईल त्याचा आरंभ येथें झाला.

रक्कम लहान होती, पण दिल्लीच्या भुंवया वर गेल्या. पेट्रोलवर मध्यवर्ती सरकार १९१७ च्या कायद्यापासून स्वतःचें शुल्क घेत आलें होतें, आणि १९३५ च्या कायद्यांत मध्यवर्ती यादीच्या ४५ व्या नोंदीनें हिंदुस्थानांत तयार होणाऱ्या मालावरील उत्पादन-शुल्क मध्यवर्ती सरकारास दिलेलें होतें. त्याच कायद्यांत प्रांतिक यादीच्या ४८ व्या नोंदीनें ‘मालाच्या विक्रीवरील कर’ प्रांतांस दिला होता. प्रांतानें बोट ठेवलें ४८ व्या नोंदीवर. दिल्लीनें बोट ठेवलें ४५ व्या नोंदीवर. दिल्लीचें म्हणणें असें कीं, उत्पादन-शुल्क म्हणजे माल तयार झाल्यापासून तो ग्राहकाच्या हातीं पडेपर्यंत कोणत्याही पायरीवर घेतलेला कर होय. नांव कांहींही द्या, देशांत तयार झालेल्या पेट्रोलच्या विक्रीवरील कर हें उत्पादन-शुल्कच. शिवाय दोन याद्यांत विरोध आला तर मध्यवर्ती यादी वरचढ, असें कायद्याच्या १०० व्या कलमांत म्हटलेलेंच होतें.

गव्हर्नर-जनरलनीं २१३ व्या कलमान्वयें हा प्रश्न संघ-न्यायालयाकडे अभिप्रायासाठीं पाठविला. न्यायालयापुढें घटनेच्या अर्थाचा असा हा पहिलाच प्रश्न. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, न्यायमूर्ति सर शाह महंमद सुलेमान आणि न्यायमूर्ति मुकुंदराव जयकर असे तिघे आसनावर होते. जयकर हे मुंबईचे नामांकित कायदेपंडित. पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु तेच झाले. दुसऱ्या प्रांतांचेही सरकारी वकील मध्यप्रांताच्या बाजूनें उभे राहिले, कारण आज नागपूरचा हात अडविला गेला तर उद्यां आपलाही अडविला जाणार, हें प्रत्येकास दिसत होतें. डिसेंबर १९३८ मध्यें न्यायालयानें आपलें मत दिलें. तिघांनीं आपापले अभिप्राय निरनिराळे लिहिले, परंतु निष्कर्ष एकच काढला: मध्यप्रांताचा कायदा प्रांताच्या अधिकारांतला असून वैध आहे.

अर्थ लावण्याची रीत

हा निष्कर्ष ज्या रीतीनें निघाला ती रीत फार मननीय आहे. ‘उत्पादन-शुल्क’ या शब्दाचा अर्थ ताणला तर त्यांत विक्रीचाही समावेश होऊं शकेल, हें सरन्यायाधीशांनीं नाकारलें नाहीं. पण घटनेंतील शब्द एकेकटा उपटून वाचावयाचा नसतो. शेजारच्या शब्दांसह वाचावयाचा असतो. दिल्लीचा अर्थ मान्य केला तर प्रांतांस दिलेला विक्रीकर जवळजवळ नामशेष होतो. एका हातानें दिलेलें दुसऱ्या हातानें काढून घेतल्यासारखें होतें. कायदा करणाऱ्यानें असें व्यर्थ दान केलें असेल असें मानूं नये. म्हणून दोन्ही नोंदी जिवंत राहतील असा अर्थ घ्यावा. उत्पादन-शुल्क हें माल तयार करण्यावरचें. विक्रीकर हा विक्रीच्या व्यवहारावरचा. आणि वरचढपणाचें कलम हें अखेरचें शस्त्र आहे. अर्थाचा मेळ घालतां येत असतांना तें उपसावयाचें नाहीं.

संस्कृत व्याकरण आणि मीमांसा ज्यांनीं थोडीबहुत पाहिली आहे त्यांना ही रीत परकी वाटणार नाहीं. आपल्याकडे ‘तक्रकौंडिन्यन्याय’ प्रसिद्ध आहे. यजमानानें सांगितलें कीं ब्राह्मणांस दहीं वाढा आणि कौंडिन्यास ताक वाढा. आतां कौंडिन्य हाही ब्राह्मणच. तरीही शहाणा वाढपी त्याच्या पानांत दहीं वाढीत नाहीं. सामान्य आज्ञेंतून विशेष आज्ञेपुरता भाग वजा झाला, असें तो समजतो. न्यायमूर्तींनीं अर्थात् या न्यायाचें नांव घेतलें नाहीं; ही तुलना आमची आहे. पण तत्त्व तेंच आहे: उत्पादन-शुल्काच्या सामान्य शब्दांतून विक्रीचा विशेष भाग प्रांतांसाठीं वजा झाला. वाक्य व्यर्थ होऊं देऊं नये, विरोध दिसला तर आधीं एकवाक्यता शोधावी, ही मीमांसकांची शिस्त आणि दिल्लीच्या न्यायासनाची शिस्त यांत आम्हांस तरी अंतर दिसत नाहीं.

कोणी विचारील, दोन कर म्हणजे एकाच वस्तूवर दुहेरी भार नव्हे काय? गिऱ्हाइकाच्या खिशास तो भार एकच आहे, हें खरें. पण कायद्याच्या दृष्टीनें दोन करांचे प्रसंग भिन्न आहेत. तेलाच्या घाण्याचें उदाहरण घ्या. घाण्यांतून तेल निघालें कीं उत्पादनाचा प्रसंग पुरा झाला. मालकानें तें विकलें, घरीं वापरलें वा सांडून टाकलें, तरी उत्पादन-शुल्क चुकत नाहीं. विक्रीकर मात्र विक्री होईल तेव्हांच लागतो. विक्री नाहीं तर कर नाहीं. १९३८ चा कायदा किरकोळ विक्रीपुरता होता. कारखानदारानें स्वतःच केलेल्या पहिल्या विक्रीवर प्रांतास कर घेतां येईल काय, हा पुढचा प्रश्न मद्रास प्रांताच्या भुईमुगाच्या तेलावरून निघाला. १९४२ मध्यें संघ-न्यायालयानें आणि १९४५ मध्यें विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलनें तोही प्रांतांच्या बाजूनें सोडविला.

नागपूरच्या या निकालाचें फळ दूरवर पोंचलें. मद्रासनें १९३९ मध्यें सर्व मालास लागू होणारा सर्वसाधारण विक्रीकर बसविला. मध्यप्रांत-वऱ्हाडनें तसा कायदा १९४७ मध्यें केला. आणि पुढें कित्येक वर्षें विक्रीकर हाच राज्यांच्या तिजोरीचा मुख्य आधार होऊन बसला.

स्वतंत्र भारताचें वांटणीपत्र

ता. २६ जानेवारी १९५० रोजीं आपली राज्यघटना अंमलांत आली तेव्हां तीन याद्यांची ही व्यवस्था तशीच कायम राहिली. इतकेंच नव्हे तर १९३५ च्या कायद्याप्रमाणें येथेंही ती सातव्या अनुसूचींतच आहे. आरंभीं केंद्राच्या यादींत ९७, राज्यांच्या यादींत ६६ आणि समवर्ती यादींत ४७ नोंदी होत्या. यादींत न आलेला उरलासुरला विषय केंद्राकडे गेला. उत्पादन-शुल्क केंद्राच्या ८४ व्या नोंदींत आणि विक्रीकर राज्यांच्या ५४ व्या नोंदींत आला. मसुदा-समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं घटना-परिषदेंत स्पष्टच सांगितलें होतें कीं, राज्यें आपल्या अधिकारासाठीं केंद्राच्या कोणत्याही कायद्यावर अवलंबून नाहींत. केंद्र आणि राज्यें या दोघांनाही अधिकार घटनेनेंच दिलेला आहे. तसेंच काळवेळ पाहून ही घटना एककेंद्री वा संघात्मक रूप घेऊं शकेल, हेंही त्यांनीं सांगून ठेवलें होतें.

पुढील काळांत तराजूचें पारडें बरेंचसें केंद्राकडे झुकलें. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनें शिक्षण, वनें, वन्य पशुपक्ष्यांचें रक्षण, वजनें-मापें आणि न्यायव्यवस्थेचा कांहीं भाग हे विषय राज्यांच्या यादींतून समवर्ती यादींत नेले. नागपूरचेंही भाग्य पालटलें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भ मुंबई राज्यांत गेला आणि राजधानीचें पद सुटलें. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारान्वयें विधिमंडळाचें एक अधिवेशन येथें भरतें आणि हायकोर्टाचें खंडपीठ येथें आहे, एवढें वैभव सदरच्या शेजारीं शिल्लक आहे.

सर्वांत मोठा पालट १ जुलै २०१७ रोजीं झाला. १०१ व्या घटनादुरुस्तीनें वस्तु व सेवा कर आला. केंद्र आणि राज्यें या दोघांनाही एकाच व्यवहारावर कर बसविण्याचा अधिकार मिळाला, आणि दर ठरविण्यासाठीं दोघांची मिळून एक परिषद नेमली गेली. तिच्यांत केंद्राच्या मताचें वजन एक-तृतीयांश, सर्व राज्यांचें मिळून दोन-तृतीयांश, आणि ठरावास तीन-चतुर्थांश बहुमत हवें. म्हणजे केंद्रावांचून कांहीं होत नाहीं आणि एकट्या केंद्राकडूनही कांहीं होत नाहीं. मे २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असेंही सांगितलें कीं, या परिषदेच्या शिफारशी संसद वा विधिमंडळें यांवर सरसकट बंधनकारक नाहींत.

या नव्या करानें उत्पादन-शुल्क आणि विक्रीकर यांची जुनी सीमारेषा बहुतेक सर्व वस्तूंपुरती पुसली गेली. साखर, साबण, लुगडीं, भांडीं यांवर आतां तो वाद उरला नाहीं. मात्र पेट्रोल, डिझेल, कच्चें तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचें इंधन यांवर हा नवा कर परिषद शिफारस करील त्या तारखेपासूनच लागावयाचा, असें घटनेंतच लिहून ठेवलें. तोंवर केंद्राची ८४ वी नोंद आणि राज्यांची ५४ वी नोंद या मालापुरत्या जाग्या आहेत. १९३८ मध्यें ज्या वस्तूवरून ही सीमारेषा प्रथम आंखली गेली, त्याच वस्तूवर ती आज मुख्यत्वेंकरून उरली आहे, हा योगायोग मोठा विलक्षण म्हणावयाचा.

खरा प्रश्न वांट्याचा

या गोष्टीचा आजच्या घरखर्चाशीं काय संबंध, तें आतां पाहूं. केंद्रानें गोळा केलेल्या करांपैकीं ठराविक भाग राज्यांस द्यावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१ ते २०२६ या पांच वर्षांसाठीं तो ४१ टक्के ठरविला. पण उपकर आणि अधिभार या नांवांनीं जें गोळा होतें तें या वांटणींत येत नाहीं. तें सर्व केंद्राचें. फेब्रुवारी २०२१ मध्यें पेट्रोलवर केंद्राचें शुल्क लिटरमागें ३२ रुपये ९० पैसे होतें; त्यांपैकीं वांटणींत येणारें मूळ उत्पादन-शुल्क अवघें १ रुपया ४० पैसे. बाकीचें रस्ते, शेती वगैरे नांवांच्या उपकरांत आणि विशेष शुल्कांत होतें. घरांतील मिळकतीचा मोठा भाग ‘ही माझी स्वकष्टार्जित’ म्हणून कर्त्यानें वेगळा काढावा आणि उरलेल्या चिमूटभर रकमेची वांटणी चोख करावी, तसा हा प्रकार दिसतो.

राज्यांचीही बाजू सर्वस्वीं निर्मळ आहे असें नव्हे. नागपूरनें १९३८ मध्यें ५ टक्के कर घेतला. अलीकडे महाराष्ट्राचा पेट्रोलवरील मूल्यवर्धित कर २५ टक्क्यांच्या घरांत असून शिवाय लिटरमागें कांहीं रक्कम वेगळी लागते. हा कर केंद्राचें शुल्क मिळवून झालेल्या किंमतीवर आकारला जातो. म्हणजे केंद्रानें शुल्क वाढविलें कीं राज्याचें उत्पन्न आपोआप वाढतें. भाव भडकले म्हणजे दिल्ली मुंबईकडे बोट दाखविते आणि मुंबई दिल्लीकडे. नोव्हेंबर २०२१ मध्यें केंद्रानें पेट्रोलवरील शुल्क लिटरमागें ५ रुपये व मे २०२२ मध्यें आणखी ८ रुपये उतरविलें. जुलै २०२२ मध्यें महाराष्ट्रानेंही आपला कर ५ रुपये कमी केला. दोघेही कर कमी करूं शकतात, हें त्या वर्षीं सिद्ध झालें. दोघांपैकीं कोणासही हें साधन सोडवत नाहीं, हेंही तितकेंच खरें.

कित्येकांचें म्हणणें असें कीं, हें सर्व एकदांचें दिल्लीच्या हातीं देऊन टाकावें. एक देश, एक कर, एक भाव. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. नाक्यानाक्यावर निरनिराळे कर असले तर व्यापार खुंटतो. दुष्काळ, युद्ध, सांथ अशा वेळीं बळकट केंद्र लागतें. परंतु ज्या गोष्टी रोज आपल्या दारीं येतात त्या बहुतेक राज्याकडे आहेत. दवाखान्यांत औषध नसणें, चोरीची फिर्याद कोणीं न घेणें, कापसाच्या शेतास पाणी न मिळणें, यांची दाद राज्य सरकारकडेच मागावी लागते. मुलांची शाळा समवर्ती यादींत गेली तरी ती चालविण्याचा बहुतेक भार राज्यावरच आहे. ज्याच्यावर कर्तव्य त्याच्या हातीं स्वतःचा पैसा नसेल तर तो प्रत्येक वेळीं दुसऱ्याकडे पदर पसरणार. आणि काम झालें नाहीं तर ‘वरून पैसा आला नाहीं’ हें उत्तर त्याच्या जिभेवर तयार असणार. कर्तव्य एकाचें आणि किल्ली दुसऱ्याची अशा घरांत भांडणें मिटत नाहींत. नागपूरच्या विधिमंडळानें १९३८ मध्यें जी धडपड केली ती या दृष्टीनें पाहावी. तिच्या मुळाशीं केंद्राचा द्वेष नव्हता; आपलीं कर्तव्यें आपल्या पैशानें पुरीं करण्याची इच्छा होती.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, पेट्रोल उद्यां नव्या करांत गेलें तरी हरकत नाहीं. मात्र राज्यांचा वांटा उपकरांच्या मागील दारानें कमी होणार नाहीं, अशी हमी त्या वांटणीपत्रांत आधीं लिहिली पाहिजे. तोंवर सुशिक्षित घरांनीं एक लहानशी संवय अंगीं बाणवावी. महिन्याचा हिशेब लिहितांना पेट्रोलच्या किंमतींत केंद्राचें किती व राज्याचें किती हें एकदां मुलांकडून काढवून घ्यावें. कोणता विषय कोणत्या यादींत, हें त्यांस विचारावें. निवडणुकीच्या वेळीं उमेदवार दारीं येतो तेव्हां, ज्या गोष्टीचें तो आश्वासन देतो ती त्याच्या सभेच्या अधिकारांत तरी आहे काय, एवढें विचारण्याइतकें ज्ञान घरांतील सुना-मुलींनाही असावें. जाब कोणास विचारावयाचा हें ज्यास कळत नाहीं, त्यास दोन्ही सरकारें एकमेकांच्या दारीं धाडतात. तीन याद्यांची ही ओळख ज्या घरांत असेल, त्या घराला तरी असें परत धाडणें कोणास सोपें जाणार नाहीं.